बायबलमध्ये आई कुठे कुठे भेटते: पहिल्यांदा वाचणाऱ्यांसाठी वाट

आईविषयी बायबल काय शिकवतं असं विचारलं, की मंडळीतली जाणती माणसंसुद्धा बहुतेक वेळा दोनच ठिकाणं सांगतात: नीतिसूत्रांचा एकतिसावा अध्याय आणि येशूची आई मरीया. दोन्ही ठिकाणं वाचायलाच हवीत. पण नव्या वाचकाने तिथूनच सुरुवात केली तर त्याची समजूत अशी होते, की शास्त्राला पहाटे उठून सगळं घर सांभाळणारी नाही तर अगदी निष्कलंक, अशी एकाच साच्यातली आई हवी आहे. प्रत्यक्षात शास्त्रात वाळवंटात हाकलून दिलेली आई आहे, लबाडी करणारी आहे, मुलांच्या प्रेतांवर पहारा देणारी आहे, मूल नाही म्हणून टोमणे खाणारी आहे. आणि आईचा मान राखा असं शास्त्र म्हणतं तेव्हा ते बहुतेक ठिकाणी अन्न, निवारा, मालमत्ता आणि म्हातारपण यांच्याबद्दल बोलत असतं. माझ्या मते या शिकवणुकीचा कणा हाच आहे, म्हणून खालच्या पायऱ्या मी त्या क्रमाने लावल्या आहेत.

आईवर एक स्वतंत्र अध्याय बायबलमध्ये नाही. नियमशास्त्र, कथा, स्तोत्रं, शुभवर्तमानं आणि पत्रं अशा सगळीकडे हा विषय विखुरलेला आहे. म्हणून क्रम लागतो.

पायरी १: हातात प्रत घ्या आणि संदर्भ शोधायला शिका

मराठीत सर्वाधिक वापरात असलेली प्रत बायबल सोसायटीची, ‘पवित्र शास्त्र’ या नावाची. प्रोटेस्टंट प्रतीत ६६ पुस्तकं असतात, कॅथलिक प्रतीत ७३. हा फरक आपल्या विषयाला थेट लागू होतो, कारण सात मुलांच्या आईची एक मोठी कथा कॅथलिक प्रतीतच सापडते. ती पुढे येईल. जुनं मराठी वाचायची सवय असेल तर पंडिता रमाबाईंचं भाषांतरही पाहा. केडगावला मुक्ती मिशनमध्ये राहून, मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून त्यांनी ते केलं. एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ साली वारली, रमाबाई स्वतः १९२२ साली गेल्या आणि संपूर्ण बायबल १९२४ साली छापून आलं.

संदर्भ वाचायची रीत सोपी आहे. ‘१ शमुवेल २:१९’ म्हणजे शमुवेलाचं पहिलं पुस्तक, दुसरा अध्याय, एकोणिसावं वचन. अनुक्रमणिका उघडी ठेवून शोधायला लाज वाटू देऊ नका, पाळकही विलापगीत शोधताना पानं मागेपुढे करतात. या लेखात वचनांचा आशय मी माझ्या शब्दांत दिला आहे. मूळ शब्द आपल्या प्रतीतच वाचा.

एक नियम आताच करून घ्या: एकटं वचन वाचायचं नाही, निदान तो अख्खा अध्याय वाचायचा. व्हॉट्सअ‍ॅपवर फुलांच्या चित्रावर येणाऱ्या आईविषयीच्या वचनांपैकी कितीतरी वचनांच्या आगेमागे रडणं, भांडण किंवा दुष्काळ असतो. तो वगळला की वचन गोड होतं आणि त्यातलं बळ जातं.

पायरी २: आज्ञांपासून सुरुवात करा

पहिलं वाचन निर्गम २०:१२. दहा आज्ञांपैकी ही आज्ञा: आपल्या बापाचा आणि आईचा मान राख, म्हणजे देव देतो त्या देशात तू दीर्घकाळ राहशील. बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या गणनेत ही पाचवी, कॅथलिक गणनेत चौथी. इफिसकरांस पत्रात (६:२-३) पौल आठवण करून देतो, की वचनासह दिलेली ही पहिली आज्ञा आहे. ही आज्ञा फक्त लहान मुलांसाठी आहे असं समजू नका. सीनाय पर्वताखाली ती ऐकणारे लोक मोठे, बायकापोरांचे धनी होते. त्यांचे आईबाप म्हातारे होते आणि समोर रानातला प्रवास होता.

मग लेवीय १९:३ काढा. निर्गमात बापाचं नाव आधी आहे, इथे आईचं आधी. लगेच पुढे शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा पवित्र दिवस, पाळण्याची गोष्ट येते. म्हणजे आईबापांचा आदर आणि देवाचा दिवस एकाच वचनात बसवलेले आहेत.

यानंतर नीतिसूत्रं. इथे आईची बाजू ठळक आहे. १:८ आणि ६:२० सांगतात की आईने शिकवलेलं टाकून देऊ नको. घरात शिकवण्याचा अधिकार तिलाही आहे हे ही वचनं गृहीतच धरतात. २३:२२ म्हणतं, आई म्हातारी झाली म्हणून तिला तुच्छ मानू नको. ३०:१७ अंगावर काटा आणणारं आहे: बापाची चेष्टा करणाऱ्या आणि आईला धुडकावणाऱ्या डोळ्याला ओढ्यातले कावळे टोचून काढतील. आणि २८:२४ वर जरा थांबा. आईबापांना लुबाडून ‘यात काही पाप नाही’ असं म्हणणारा माणूस नाश करणाऱ्याचा सोबती होय, असं ते वचन सांगतं. वडील गेल्यावर आईच्या सह्या किंवा अंगठे घेऊन घर-जमीन नावावर करून घेणं आणि मग तिची ‘पाळी’ लावणं, दोन महिने थोरल्याकडे आणि दोन महिने धाकट्याकडे, हे आपल्या ख्रिस्ती घरांतही घडतं. अशा घरांत कौटुंबिक भक्तीच्या वेळी हे वचन मोठ्याने वाचलं गेलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

पायरी ३: येशूने ही आज्ञा कशी वाचली ते पाहा

मार्क ७:९-१३ वाचा. परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोरपणे पाळणारा यहुदी गट, यांच्याशी येशूचा वाद चालू आहे. त्या काळात एक पळवाट होती: आईबापांना ज्या पैशातून मदत करायची तो पैसा ‘देवाला अर्पण’ असं जाहीर करायचं, मग मुलगा मदतीच्या जबाबदारीतून मोकळा. बोलायला धार्मिक, करायला निर्दय. येशू म्हणतो, तुम्ही आपल्या परंपरेने देवाचं वचन रद्द करता. आज्ञेतला मान म्हणजे आईबापांना प्रत्यक्ष पोहोचणारी मदत, हे याहून स्पष्ट कुठेच सांगितलेलं नाही. मंडळीच्या कामासाठी खुल्या हाताने देणारे आणि गावी आईला औषधालाही पैसे न पाठवणारे लोक पाहिले की हा उतारा आठवतो.

आता योहान १९:२५-२७. क्रुसावर खिळलेला येशू आईला पाहतो. तिच्याजवळ एक शिष्य उभा आहे. येशू तिला म्हणतो, हा तुझा मुलगा, आणि त्याला म्हणतो, ही तुझी आई. त्या घटकेपासून शिष्याने तिला आपल्या घरी ठेवून घेतलं. मरीया त्या वेळी विधवा असावी असं बहुतेक अभ्यासक मानतात, कारण योसेफ पुढच्या कथेत कुठेच दिसत नाही. मरणाच्या यातनेतही मुलाने आईच्या राहण्याची सोय लावली. यात आज्ञा अक्षरशः पाळलेली दिसते.

नवख्या वाचकाला अडखळायला लावणारे उतारेही याच पायरीवर घ्या, पुढे ढकलू नका. मार्क ३:३१-३५ मध्ये आई आणि भाऊ बाहेर उभे असताना येशू विचारतो, माझी आई कोण? आणि म्हणतो, देवाच्या इच्छेप्रमाणे करणारा तोच माझा भाऊ, बहीण आणि आई. लूक ११:२७-२८ मध्ये गर्दीतली एक बाई तुला दूध पाजणारी आई धन्य म्हणून ओरडते, तर तो म्हणतो, त्यापेक्षा देवाचं वचन ऐकून पाळणारे धन्य. मत्तय १०:३७ तर सरळच सांगतं की माझ्यापेक्षा आईबापांवर अधिक प्रेम करणारा मला योग्य नाही.

यात आईचा अपमान आहे का? मार्काचा तिसरा अध्याय एकविसाव्या वचनापासून वाचा. घरच्या लोकांना वाटलं होतं की याला वेड लागलंय, आणि ते त्याला धरून न्यायला निघाले होते. अशा वेळी येशू घराच्या दबावापुढे झुकत नाही. ज्याने मार्क ७ मध्ये आईबापांची बाजू घेतली आणि क्रुसावरून आईची सोय लावली, त्यानेच हेही म्हटलं. आईचा मान मोठा, पण देवाची जागा आईलाही देता येत नाही. लूक ११ कडे पाहिलं तर मरीया त्या दुसऱ्या धन्यतेतही बसते, कारण वचन ऐकून ‘तुझ्या म्हणण्याप्रमाणे मला होवो’ असं तिनेच म्हटलं होतं (लूक १:३८).

पायरी ४: कथा अख्ख्या वाचा

या पायरीला घाई करू नका. एका बैठकीत एकच आई घ्या. हागारेपासून सुरुवात करा, उत्पत्ती १६ आणि २१. ती मिसरी दासी. साराला मूल होत नाही म्हणून हागारेला अब्राहामाच्या स्वाधीन केलं गेलं, मग मूल राहिल्यावर तिचा जाच झाला. ती पळाली तेव्हा रानातल्या झऱ्याजवळ परमेश्वराच्या दूताने तिला गाठलं. तिने देवाला नाव दिलं: पाहणारा देव. शास्त्रात देवाला असं नाव देणारी ही दासी आहे, कुणी याजक किंवा राजा नाही. एकविसाव्या अध्यायात तिला भाकरी आणि पाण्याची एक कातडी पिशवी देऊन मुलासकट घराबाहेर काढलं जातं. पाणी संपतं. ती मुलाला झुडपाखाली ठेवते आणि बाणाच्या टप्प्याइतकी लांब जाऊन बसते, कारण मुलाचं मरण तिला बघवणार नसतं. देव मुलाचा आवाज ऐकतो आणि तिला विहीर दिसते. अब्राहामाच्या घरावर श्रद्धा असलेल्या लेखकाने ही कथा न लपवता लिहिली आहे. वाचताना साराच्या बाजूने लगेच युक्तिवाद करायला जाऊ नका.

मग हन्ना, १ शमुवेल १ आणि २. हिच्यासाठी निवांत वेळ काढा. एल्कानाला दोन बायका, पनिन्नेला मुलं, हन्नेला नाही. दरवर्षी शिलो इथे यज्ञाला गेलं की पनिन्ना तिला टोचून बोलायची आणि ही जेवत नसे. नवरा समजूत घालतो: मी तुला दहा मुलांपेक्षा बरा नाही का? त्याचं प्रेम खरं आहे, पण तिचं दुःख त्याला कळलेलं नाही. ती मंदिरात प्रार्थना करते, ओठ हलतात, आवाज येत नाही, आणि एली याजक तिला दारू प्यालेली समजून दटावतो. ती त्याला उत्तर देते: मी दुःखी बाई आहे, परमेश्वरापुढे मन मोकळं करते आहे. एली चूक सुधारतो आणि तिला आशीर्वाद देतो. पाळकांनी आणि वडील मंडळींनी हा उतारा वर्षातून एकदा तरी वाचावा.

शमुवेल जन्मतो. नवसाप्रमाणे, अंगावरचं दूध सुटल्यावर ती त्याला शिलोला देवाच्या सेवेसाठी ठेवते. दूध कधी सुटायचं याचा अंदाज २ मक्काबी (कॅथलिक प्रतीतलं पुस्तक) ७:२७ वरून येतो, तिथे आई तीन वर्षं पाजल्याचं सांगते. म्हणजे पोर फार तर तीन-चार वर्षांचं. आणि मग येतं २:१९: आई त्याच्यासाठी दरवर्षी एक लहान झगा शिवून यज्ञाच्या वेळी घेऊन जाई. या वचनाजवळ थांबा. मूल समोर नाही, माप घ्यायला मिळत नाही. गेल्या वर्षी केवढा होता ते आठवायचं आणि यंदा किती वाढला असेल ते धरून कापड बेतायचं. हन्नेच्या मोठ्या प्रार्थनागीताशेजारीच (२:१-१०) लेखकाने हा झगा ठेवला आहे. बलवानांची धनुष्यं मोडतात, उपाशी तृप्त होतात, असं ती गाते. पुढे मरीयेचं गीत (लूक १:४६-५५) वाचाल तेव्हा हन्नेचे प्रतिध्वनी ऐकू येतील. दोन्ही गीतं समोरासमोर ठेवून वाचा. आईच्या तोंडी अंगाईऐवजी गरिबांच्या न्यायाचं गाणं आहे.

रिस्पा फार कमी लोकांना माहीत असते. २ शमुवेल २१:१-१४. दावीदाच्या आधीचा राजा शौल याने गिबोनी लोकांवर केलेल्या अत्याचाराची भरपाई म्हणून त्याच्या घराण्यातल्या सात पुरुषांना मारून टांगलं जातं. त्यातले दोघे रिस्पाचे मुलगे. सातूच्या कापणीचा आरंभ आहे. ती खडकावर गोणपाट अंथरते आणि आकाशातून पाऊस पडेपर्यंत तिथेच राहते. दिवसा पाखरांना आणि रात्री जनावरांना ती त्या प्रेतांना शिवू देत नाही. अख्ख्या कथेत तिच्या तोंडी एक शब्द नाही. पण दावीद राजाच्या कानावर गेल्यावर तो शौल आणि त्याचा मुलगा योनाथान यांच्या अस्थी आणवतो, टांगलेल्यांच्याही अस्थी गोळा करवतो, आणि शौल-योनाथानाला त्यांच्या घराण्याच्या कबरेत मूठमाती मिळते. मगच देव देशासाठी केलेली विनंती ऐकतो असं शेवटचं वाक्य आहे. मूल गमावलेल्या आईला ‘आता विसर’ म्हणणाऱ्यांना शास्त्राचं हे उत्तर आहे.

सासूसुनांसाठी रूथचं पुस्तक आहे, अवघे चार अध्याय, एका बैठकीत होतात. मवाब देशात नामीचा नवरा आणि दोन्ही मुलगे मरतात. बेथलेहेमला परतल्यावर ती म्हणते, मला नामी म्हणू नका, मारा म्हणा, म्हणजे कडू. शेवटी रूथला मुलगा होतो, तेव्हा शेजारणी नामीला सांगतात की तुझी सून तुला सात मुलांपेक्षा अधिक आहे, आणि बाळ मांडीवर घेतलेल्या नामीलाच मुलगा झाला असं म्हणतात. हा ओबेद, दावीदाचा आजोबा. मुलगा पाहिजेच म्हणणाऱ्या समाजात लिहिलेलं हे वाक्य आहे, आणि तसा समाज आपल्याला परका नाही.

रिबका (उत्पत्ती २७) थोडक्यात: लाडक्या याकोबासाठी आंधळ्या नवऱ्याला फसवते, शाप माझ्यावर येऊ दे म्हणते, आणि पळून गेलेला याकोब तिला पुन्हा भेटल्याचा उल्लेख शास्त्रात नाही. आईचं प्रेम पक्षपाती झालं तर काय होतं हे शास्त्र दाखवतं, उपदेश न करता. मोशेची आई (निर्गम २), शूनेमची बाई (२ राजे ४) आणि नाईन गावची विधवा (लूक ७:११-१५) या तिघी तुम्ही स्वतः वाचा.

पायरी ५: मरीया, तुमच्या मंडळीच्या चौकटीसह

लूक १ आणि २, योहान २:१-११, योहान १९, प्रेषितांची कृत्ये १:१४, या क्रमाने वाचा. बारा वर्षांचा मुलगा यरुशलेमेत हरवतो आणि तीन दिवसांनी सापडतो, तेव्हा ती त्याला रागावते (लूक २:४८). त्याचं उत्तर तिला समजत नाही, पण ती सगळं मनात ठेवते. बाळ येशूला मंदिरात नेलं तेव्हा शिमोन नावाच्या भक्ताने तिला आधीच सांगितलेलं असतं की तुझ्या जिवातून तलवार जाईल. काना गावच्या लग्नात ती नोकरांना म्हणते, हा सांगेल ते करा. शेवटी ती माडीवरच्या खोलीत शिष्यांबरोबर प्रार्थनेत आहे.

तिच्या मानाबाबत मंडळ्यांत फरक आहे आणि नव्या वाचकाला तो माहीत असावा. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स परंपरा तिला देवमाता म्हणतात, हे बिरुद इ. स. ४३१ च्या इफिस परिषदेने मान्य केलं, आणि तिची मध्यस्थी मागतात. ८ सप्टेंबर हा तिचा जन्मदिवस म्हणून पाळला जातो. वांद्र्याच्या टेकडीवर मोत माउलीची जत्रा त्याच सुमारास भरते आणि तिथे इतर धर्मांचे लोकही मेणबत्त्या घेऊन चढतात. प्रोटेस्टंट मंडळ्या तिला विश्वासाचा नमुना मानतात, पण प्रार्थना थेट देवाकडेच करतात. कुटुंबात दोन्ही परंपरा असतील तर या मुद्द्यावर पहिल्याच दिवशी वाद घालू नका, आधी लूकाचे दोन अध्याय एकत्र वाचा.

पायरी ६: अवघड वचनं

उत्पत्ती ३:१६ मध्ये प्रसूतीच्या वेदनांचा उल्लेख आहे. ते आदेशासारखं वाचू नका. पाप आल्यानंतर जग कसं बिघडलं याच्या वर्णनातलं ते वाक्य आहे, आणि काट्याकुसळांचा उल्लेखही तिथेच आहे, पण म्हणून कुणी शेतात निंदणी करणं सोडत नाही. १८४७ साली एडिंबराच्या जेम्स सिम्प्सन या डॉक्टरने बाळंतपणात क्लोरोफॉर्म वापरायला सुरुवात केली. धार्मिक आक्षेपांना उत्तर म्हणून त्याने पुस्तिका लिहिली, आणि आदामाची फासळी काढण्यापूर्वी देवाने त्याला गाढ झोप आणली होती याकडे बोट दाखवलं. बाळंतिणीला वेदनाशामक औषध देणं अविश्वास आहे असं कुणी सांगितलं तर ही गोष्ट सांगा आणि डॉक्टरांचं ऐका.

१ तीमथ्य २:१५ म्हणतं की स्त्री बालप्रसवाच्या योगे तारली जाईल. यावर अभ्यासकांचं एकमत नाही. काहींना यात बाळंतपणातून सुखरूप पार पडणं दिसतं, काहींना ख्रिस्ताचा जन्म. याच पत्रात (४:३) लग्नाला मनाई करणाऱ्या खोट्या शिक्षकांचा उल्लेख आहे, त्यांना दिलेलं उत्तर म्हणूनही ते वाचलं जातं. मूल झालं नाही तर तारण नाही, असा अर्थ मात्र काढता येत नाही, कारण तारण विश्वासाने, हे पौल बाकी सगळीकडे ओरडून सांगतो. मूल नसलेल्यांसाठी यशया ५४:१ वाचा, आणि रोमकरांस १६:१३ ही वाचा: पौल रूफसाच्या आईला नमस्कार सांगतो आणि ती माझीही आई आहे म्हणतो. तिने त्याच्यासाठी काय केलं ते लिहिलेलं नाही. जेवू घातलं असेल, आजारपणात पाहिलं असेल.

नीतिसूत्रे ३१ आता वाचा, आधी नाही. पहिली नऊ वचनं लमुएल राजाला त्याच्या आईने दिलेली शिकवण आहेत: मद्यात बुडू नको, मुक्यासाठी तोंड उघड, गरिबाचा न्याय कर. राजाला राज्य शिकवणारी आई! दहाव्या वचनापासूनची कविता हिब्रू वर्णमालेच्या बावीस अक्षरांवर बांधलेली आहे, अ-पासून-ज्ञ-पर्यंत गुण गावेत तशी. ती शेत पारखून विकत घेते, द्राक्षमळा लावते, तागाची वस्त्रं विकते, गरिबाला हात देते. मुलं उठून तिला धन्य म्हणतात. स्तुतिगीत आहे ते. कामाची यादी करून सुनेच्या हातात देण्यासाठी ते लिहिलेलं नाही.

आणि स्वतःच्या आईकडून जखमाच मिळाल्या असतील तर? शास्त्राला हेही ठाऊक आहे. राजमाता अथल्या आपल्या मुलाला, अहज्या राजाला, दुष्टपणा करण्याची मसलत देत असे (२ इतिहास २२:३). स्तोत्र २७:१० म्हणतं, आईबापांनी टाकलं तरी परमेश्वर मला जवळ घेईल. मान राखणं म्हणजे मारहाण सोसत राहणं असं कुठेही लिहिलेलं नाही. अशा वाचकाने हे वाचन एकट्याने करू नये, विश्वासातल्या एखाद्या मोठ्या माणसाला सोबत घ्यावं.

पायरी ७: देवाच्या तोंडची आईची भाषा

येशूने देवाला पिता म्हणायला शिकवलं. तरी शास्त्र देवाच्या प्रेमासाठी आईच्या उपमा घेतं. यशया ४९:१५: तान्ह्या बाळाला आई विसरेल काय? एखादी विसरेलही, पण मी तुला विसरणार नाही. ६६:१३: आई सांत्वन करते तसं मी तुमचं करीन. मत्तय २३:३७ मध्ये येशू स्वतःला पिलांना पंखाखाली घेऊ पाहणारी कोंबडी म्हणतो. स्तोत्र १३१ फक्त तीन वचनांचं आहे, ते पाठच करा. दूध सुटलेलं मूल आईजवळ शांत बसतं तसा माझा जीव आहे, असं कवी म्हणतो. दुधासाठी रडणं थांबलेलं मूल, काही मागायला नव्हे, नुसतं जवळ असायला आलेलं. आपल्याकडे ही भाषा परकी वाटत नाही. ज्ञानोबांना माउली म्हणणाऱ्या मुलखात ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी ख्रिस्तालाही गुरुमाउली म्हणून हाक मारली.

पायरी ८: वाचलेलं मंडळीत आणि घरात आणा

मे महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी मातृदिन पाळतात. ही चाल शास्त्रातली नाही. १९०८ साली अमेरिकेत ग्राफ्टन गावच्या मेथडिस्ट मंडळीत आपल्या दिवंगत आईच्या स्मरणार्थ अ‍ॅना जार्व्हिस यांनी उपासना घडवून आणली, १९१४ मध्ये तिथे तो सरकारी दिवस झाला. पाळायला हरकत नाही, पण त्या दिवशी भक्ती चालवायची जबाबदारी तुमच्यावर आली तर काही गोष्टी सांभाळा. सगळ्या आयांना उभं करून फुलं वाटू नका. बसून राहिलेल्यांत गर्भपात झालेली, मूल पुरलेली, लग्न न झालेली अशा बायका असतात, आणि त्या दिवशी त्या उपासनेला यायचंच टाळतात. उताऱ्यासाठी हन्ना, नामी किंवा रिस्पा घ्या. शब्बाथ शाळेतल्या मुलांना १ शमुवेल २:१९ वाचायला द्या. प्रार्थनेत हागारेसारख्या एकट्या आयांची आठवण काढा. १ तीमथ्य ५:२ प्रमाणे मंडळीतल्या वडील स्त्रियांना आयांप्रमाणे वागवायचं असेल, तर उपासनेनंतरचा चहा त्यांच्या हातात तरुणांनी नेऊन द्यावा, त्यांनी रांगेत उभं राहू नये.

त्याच अध्यायाचं चौथं आणि आठवं वचन वाचून हा अभ्यास घरी न्या. विधवेला मुलं-नातवंडं असतील तर त्यांनी आधी आपल्या घरात धर्म आचरावा, आईबापांचे उपकार फेडावेत. जो घरच्यांची तरतूद करत नाही त्याने विश्वास नाकारला आहे. कॅथलिक प्रत असेल तर बेनसिराचा तिसरा अध्याय जोडीला वाचा, तिथे म्हातारपणी बुद्धी मंद झालेल्या बापाशीही सहनशीलतेने वागायला सांगितलं आहे, आणि २ मक्काबी ७ मधली सात मुलांची आईही वाचा. आई गावी एकटी राहत असेल तर फोनवर तिला रूथचा एक अध्याय वाचून दाखवा. चार दिवसांत पुस्तक पूर्ण होतं. वाचून झालं की गोळ्या किती उरल्यात, पुढची तपासणी कधी आहे, गॅस सिलिंडर आला का, हेही विचारून घ्या आणि लागतील तेवढे पैसे त्याच दिवशी पाठवा.